हरवणे, सापडणे आणि शुद्धीवर येणे

इंग्रजी भाषेत 'टु फाइंड वनसेल्फ' असा एक वाक्प्रचार आहे. शब्दशः अर्थ करावयाचा तर 'स्वतःला शोधून काढणे' किंवा 'आपण आपल्याला सापडणे'. गेल्या काही दशकांत हा वाक्प्रचार आपल्याही घरांत येऊन राहिला आहे. महाविद्यालयात जाणारा मुलगा चांगला चाललेला अभ्यासक्रम मध्येच सोडतो आणि 'मला आधी स्वतःला शोधायचे आहे' असे सांगतो. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस किंवा परदेशी गेलेली मुलगी दूरध्वनीवर हेच शब्द इंग्रजीत उच्चारते. आईवडिलांना शब्द कळतात, अर्थ मात्र कळत नाही. 'अरे, पण तू हरवला होतास कधी?' असा त्यांचा साधा प्रश्न असतो.

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. हरवल्यावाचून सापडणे संभवत नाही. मग हरवतो तो कोण, शोधतो तो कोण, आणि सापडल्यावर 'सापडला' असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा? या वाक्प्रचाराचा थोडा इतिहास, त्यासंबंधी आपल्या मराठीचे म्हणणे, आणि आपल्या नाशिकच्या मातीत घडलेले एक थोर उदाहरण यांच्या आधारे या प्रश्नांचा विचार करण्याचा हा प्रयत्न आहे. ते उदाहरण म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. टिळक कुटुंब प्रॉटेस्टंट पंथाचे होते हे खरे. परंतु मराठी ख्रिस्ती माणसाच्या मनाचा इतिहास लिहिताना कोणत्याही पंथाच्या माणसाला त्यांना वगळून पुढे जाता येणार नाही.

एका वाक्प्रचाराची वाटचाल

हा वाक्प्रचार तत्त्वज्ञानाच्या एखाद्या जाडजूड ग्रंथातून आला असावा असे ऐकणाऱ्याला वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. इंग्रजीतील त्याचे जुने उपयोग अगदी घरगुती आहेत. अठराव्या शतकातील इंग्रज गृहस्थ आजारी स्नेह्याला 'आज आपण स्वतःला कसे फाइंड करता?' अशा अर्थाचा प्रश्न विचारी. त्याचे तात्पर्य 'आज प्रकृती कशी आहे?' एवढेच. अनोळखी गावात किंवा अडचणीत नकळत येऊन पडलेला मनुष्यही हेच क्रियापद वापरी. त्यात शोध नाही, साधना नाही. 'पाहतो तो काय, मी येथे!' एवढे आश्चर्य आहे.

आणखी एक उपयोग आज जवळजवळ विसरला गेला आहे. नोकर ठेवताना मालक 'इतका पगार आणि फाइंड युवरसेल्फ' असा करार करी. म्हणजे पगार मिळेल, जेवणखाण ज्याचे त्याने पाहावे. आपल्याकडे ज्याला कोरडा पगार म्हणतात तोच हा प्रकार. त्या गरीब माणसाच्या लेखी 'स्वतःला फाइंड करणे' म्हणजे स्वतःच्या भाकरीची तजवीज स्वतः करणे. ज्यांच्या वाट्याला हा अर्थ आला, त्यांना आजच्या अर्थाची उसंत क्वचितच मिळाली असेल.

स्वतःच्या अंगचे सामर्थ्य व स्वतःचे स्थान ओळखणे या अर्थाने हे शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चांगलेच रुळलेले दिसतात. १८९५ साली रुडयार्ड किपलिंग यांनी 'द शिप दॅट फाउंड हरसेल्फ' ही कथा प्रसिद्ध केली. किपलिंग यांचा जन्म १८६५ साली मुंबईचा. त्यांच्या कथेतील 'डिंबुला' नावाचे नवे मालवाहू जहाज लिव्हरपूलहून न्यूयॉर्ककडे पहिल्या सफरीला निघते. वादळ उठते आणि जहाजाचा भाग न् भाग कुरकुरू लागतो. तुळया, पत्रे, रिव्हेट, प्रत्येकाला वाटते की सारा भार आपल्या एकट्यावरच पडला आहे. लाटांचे तडाखे सोसता सोसता ते एकमेकांना किंचित जागा देण्यास आणि एकमेकांचा भार वाटून घेण्यास शिकतात. सफर संपत येते तेव्हा सारे निरनिराळे आवाज थांबतात आणि एकच आवाज ऐकू येतो. तो जहाजाचा असतो. गोदीत बांधून पूर्ण झालेले जहाज खऱ्या अर्थाने जहाज होते ते भर समुद्रात, पोटात माल घेऊन, दुसऱ्याचे काम करीत असताना.

पुढच्या शतकात या अर्थाला वळण मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांनी 'आयडेंटिटी क्रायसिस' ही संज्ञा प्रचारात आणली. तारुण्यात प्रवेश करणाऱ्या मुलाला 'मी कोण?' हा प्रश्न पडणे ही वाढीची खूण आहे, विकृती नव्हे, हे त्यांचे म्हणणे पालकांनी अवश्य लक्षात घ्यावे असे आहे. मात्र १९६० नंतरच्या दशकात पाश्चात्त्य तरुणांमध्ये हाच विचार एका वेगळ्या रूपाने पसरला. घराने, शाळेने, चर्चने दिलेली ओळख ही आपली नव्हेच. खरा 'मी' कोठेतरी आत दडलेला आहे आणि तो शोधण्यासाठी प्रथम सर्व नात्यांतून बाहेर पडले पाहिजे, अशी ती समजूत होती. १९६८ साली बीटल्स या गायकांनी ऋषिकेश गाठले. त्यांच्यामागून कितीतरी तरुण गोव्याच्या किनाऱ्यांवर आणि हिमालयाच्या पायथ्याशी येऊन राहिले. त्यांतल्या अनेकांची तळमळ खरी होती. परंतु किपलिंगच्या जहाजाला जो समुद्र आणि जे सोबती लागले, तेच आता अडथळे ठरू लागले. दोन्ही ठिकाणी शब्द एकच आहेत. अर्थ मात्र जवळजवळ उलटा झाला.

मराठीचे म्हणणे

आता मराठीकडे वळू. 'मी स्वतःला सापडलो' हे वाक्य आजही मराठी कानाला थोडे परके वाटते. याचे कारण 'सापडणे' या क्रियापदाचा स्वभाव. हरवलेले पाकीट सापडते, तसा पळून गेलेला चोरही सापडतो. मनुष्य कात्रीत सापडतो, संकटात सापडतो, कोणाच्या तरी तावडीत सापडतो. सापडणारा बहुधा दुसऱ्याच्या हाती लागतो. म्हणूनच आपल्या भाषेत सापडण्यासाठी शोधणारा दुसरा कोणी तरी असावा लागतो.

खरोखर हरवलेली माणसे नाशिकने पाहिली आहेत. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर ही वसाहत स्थापन केली. गुलामांचा व्यापार करणारी गलबते ब्रिटिश नौदल समुद्रात पकडी. त्यांतून सुटका झालेल्या आफ्रिकी मुलांना पुढे येथे आणून शिक्षण व हातचा धंदा देण्यात येई. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा तरुण पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या तुकडीत गेला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन मरण पावल्यावर त्यांचे शव शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत पोचविणाऱ्यांत तो होता, आणि एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीत शवपेटी वाहणाऱ्यांतही तो होता. गाव, आईबाप, भाषा हे सारे बालपणीच हिरावले गेलेला हा मुलगा. तो सापडला, पण दुसऱ्यांना. आणि ज्यांना सापडला त्यांनी त्याला स्वतःच्या पसंतीचे नाव दिले. तो कोण आहे हे जगाला कळले ते त्याने दुसऱ्यासाठी वाहिलेल्या भाराने. 'हरवला होतास कधी?' या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे देण्याचा हक्क अशा माणसांचा आहे.

'सापडणे' बाजूला ठेवले तर 'स्वत्व' हा शब्द समोर येतो. आज आपण तो स्वाभिमान, स्वतःचे सत्त्व या अर्थाने वापरतो. पण जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथांत स्वत्व म्हणजे मालकी. अमुक वस्तू अमक्याची आहे हा अधिकार. ज्याच्या नावावर काही नाही त्याला या अर्थाने स्वत्वही नाही. आपल्या आज्या-पणज्यांची स्थिती आठवली म्हणजे या शब्दार्थातील वेदना ध्यानात येते.

तिसरा शब्द 'आत्मशोध'. येथे भाषेने एक रहस्य जपून ठेवले आहे. 'शोध' आणि 'शुद्ध' हे दोन्ही शब्द 'शुध्' या एकाच संस्कृत धातूपासून आले आहेत. संस्कृतात शोधन म्हणजे स्वच्छ करणे, मळ काढून टाकणे. धान्य निवडावे तसे नको ते बाजूला काढीत गेले म्हणजे हवे ते हाती लागते; म्हणून 'शोधणे' याला धुंडाळण्याचा अर्थ प्राप्त झाला. तेव्हा आत्मशोध या शब्दात आत्मशुद्धी आधीच बसलेली आहे.

आणि याच धातूतून आलेला आपला रोजचा वाक्प्रचार म्हणजे 'शुद्धीवर येणे'. मूर्च्छा आलेला मनुष्य शुद्धीवर येतो. रागाने किंवा मोहाने भान हरपलेला मनुष्यही शुद्धीवर येतो. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. दूर देशी सर्व संपत्ती उधळून, डुकरे राखण्याची पाळी आल्यावर त्या मुलाच्या मनात जो पालट होतो, त्याचे वर्णन मूळ ग्रीकमध्ये 'स्वतःत येणे' अशा अर्थाच्या शब्दांनी केले आहे. लॅटिन भाषांतरात तो स्वतःकडे परततो. मराठी भाषांतरकारांनी मात्र त्याला शुद्धीवर आणले. मला ही निवड अत्यंत समर्पक वाटते. कारण शुद्धीवर आलेला मनुष्य सर्वप्रथम 'मी कोण?' असे विचारीत नाही. 'मी कोठे आहे, आणि माझी माणसे कोठे आहेत?' असे विचारतो. त्या मुलालाही प्रथम आठवते ते बापाचे घर.

आणखी एक गोष्ट. त्या दाखल्यात शुद्धीवर येतो मुलगा. पण 'सापडला' हा शब्द बापाच्या तोंडी आहे. मुलाने उठून चालावयाचे आणि बापाने धावत जाऊन त्याला गाठावयाचे. सापडण्याची क्रिया अशी दोघांनी मिळून पूर्ण होते. उलट थोरला मुलगा घर सोडून कोठेच गेला नाही, आणि तरीही तो बापाला पुरता सापडलेला नाही. केवळ घरी राहिल्याने मनुष्य हरवत नाही असे मानणाऱ्या आपणा सर्वांसाठी तो इशारा आहे.

शोधावयास निघालेला आणि मागे राहिलेली

नारायण वामन टिळक यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आईच्या निधनानंतर लहान वयातच ते नाशिकला आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकले. बुद्धी तीव्र, मन अस्वस्थ. नोकऱ्या धरावयाच्या आणि सोडावयाच्या, घरातून अचानक निघून जावयाचे, कीर्तने करावयाची, नव्या धर्माची स्वप्ने पाहावयाची, असा त्यांचा आयुष्यक्रम. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या. निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत हाती ठेवली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. तो गृहस्थ पुढे कधीही भेटला नाही. त्याचे नावही कळले नाही. पर्वतावरील प्रवचनाने टिळकांचे मन जिंकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. किपलिंगच्या जहाजाची कथा प्रसिद्ध झाली तेही वर्ष हेच.

टिळक हे आजच्या भाषेत स्वतःला शोधावयास निघालेले पुरुष होते. त्यांचा शोध प्रामाणिक होता आणि त्याचे फळ मराठी कवितेला आणि मराठी ख्रिस्ती उपासनेला विपुल मिळाले. परंतु इतिहासाचे अर्धे पान येथेच संपते. उरलेले अर्धे पान मागे राहिलेल्या माणसाचे असते, आणि ते बहुधा कोरे राहते. आपले भाग्य असे की येथे ते मागे राहिलेल्या पत्नीने स्वतःच लिहिले.

लक्ष्मीबाई या माहेरच्या मनकर्णिका गोखले. जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या आजोबांना १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत फाशी झाली होती. त्या घटनेच्या धक्क्यानंतर वडिलांच्या मनात सोवळ्याओवळ्याने असे घर केले की बाजारातून आणलेले जिन्नसही धुतल्यावाचून घरात घ्यावयाचे नाहीत. शिवाशिवीच्या या धाकात ही मुलगी वाढली. अकराव्या वर्षी लग्न झाले. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती पुढे टिळकांकडून.

टिळकांच्या बाप्तिस्म्याने तिच्यावर आकाश कोसळले. पती जिवंत आणि तरीही संसार संपलेला. पदरी लहानगा दत्तू. भोवती सांत्वन करणारे आणि टोचून बोलणारे अशा दोन्ही प्रकारचे लोक. माहेरच्या व सासरच्या माणसांच्या आधाराने तिने काही वर्षे काढली. 'स्वतःला शोधण्याची' संधी तिला कोणी दिली नव्हती आणि तिने ती मागितलीही नव्हती. अखेर पतीची ओढ आणि मुलाचे हित पाहून ती टिळकांकडे गेली, ती स्वतःच्या अटींवर: चूल वेगळी, सोवळे कायम, धर्म आपापला. येथे टिळकांचाही मोठेपणा नोंदविला पाहिजे. बाप्तिस्म्यासाठी त्यांनी पत्नीवर बळजबरी केली नाही.

मग तो दिवस आला. एकटीच विचार करीत बसली असताना, जातिभेद ईश्वराने निर्माण केला की माणसाने, या प्रश्नापाशी लक्ष्मीबाईंचे मन येऊन थांबले. तो माणसानेच निर्माण केला असे उत्तर आतून उमटले, आणि यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे असा त्यांनी तत्काळ निश्चय केला. ना कोणाचा उपदेश, ना वादविवाद. बाप्तिस्मा अद्याप पुढेच होता. तो १९०० साली राहुरी येथे झाला.

वडिलांच्या घरी 'शुद्धी' म्हणजे धुणे, दूर ठेवणे, स्पर्श टाळणे. मुलीला लाभलेली शुद्धी अगदी उलट दिशेची निघाली. ती दुसऱ्याच्या हातचे पाणी स्वीकारण्यात होती. आयुष्यभर जिला शुद्ध राहावयास शिकविले गेले, ती त्या क्षणी शुद्धीवर आली. आपल्या भाषेतील एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमधले अंतर एका नाशिककर स्त्रीने स्वतःच्या पावलांनी तोडले. आणि लक्षात घ्यावे, या प्रसंगात 'मी कोण?' हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे 'हा दुसरा माणूस कोण?' हा. त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि पहिल्याचे उत्तर आपोआप हाती आले.

त्यानंतर लक्ष्मीबाईंचे घर अनाथ, निराश्रित मुलांनी भरून गेले. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' स्थापन केला, त्याही अनिश्चित वाटेवर त्या बरोबर गेल्या. १९१९ साली टिळक वारले. ज्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य जेमतेम दहा-अकरा अध्यायांपर्यंत आले होते, त्यांचे अपुरे काम शाळेत न गेलेल्या या विधवेने पुढे चालविले आणि पुष्कळ अध्याय रचून ते सिद्धीस नेले. १९३३ साली नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पतीच्या आठवणी लिहून ठेवाव्यात या निमित्ताने त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहावयास घेतली. १९३४ पासून तिचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला.

'स्मृतिचित्रे' हे मराठीतील सर्वोत्तम आत्मचरित्रांपैकी एक आहे हे सर्वमान्य आहे. परंतु ते स्वतःवर नजर खिळवून लिहिलेले नाही. लेखिका सतत टिळकांविषयी, मुलांविषयी, शेजाऱ्यांविषयी बोलते. स्वतःच्या फजितीवर मनसोक्त हसते. तरीही पुस्तक मिटताना आपल्यासमोर उभी राहते ती लक्ष्मीबाईच. १९५० साली जोसेफिन इंक्स्टर यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर 'आय फॉलो आफ्टर' या नावाने प्रसिद्ध केले. त्या नावात पतीमागून चालत जाणारी पत्नी आहे, तसाच फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाचा प्रतिध्वनीही आहे. तेथे संत पौल म्हणतो त्याचा आशय असा की ज्यासाठी ख्रिस्ताने मला धरले ते मी धरावे म्हणून त्यामागे धावत आहे. धरणारा आधी धरला गेलेला आहे. शोधणारा आधी सापडलेला आहे.

एक सावधगिरी

येथे एक धोका आहे आणि तो धर्मपीठावरून बोलणाऱ्यांनी विशेष ओळखला पाहिजे. 'स्वतःला हरवा म्हणजे सापडाल' हे शुभवर्तमानाचे सत्य आहे. परंतु ज्यांना स्वतःचे असे काही कधी मिळूच दिले नाही, त्यांना हे वाक्य ऐकविणे सोपे असते आणि ऐकविणाऱ्याच्या सोयीचेही असते. घरातील सुनेला त्यागाचा उपदेश आणि मुलाला मात्र 'स्वतःला शोधण्याची' मोकळीक, असा न्याय आपल्या कुटुंबांत होत नाही असे छातीठोकपणे कोण म्हणेल? लक्ष्मीबाईंनी टिळकांच्या मागे जाणे स्वीकारले हे खरे. पण चूल वेगळी ठेवण्याचा अधिकार आधी बजावला. देण्यासाठी हाती काही असावे लागते.

जे एका स्त्रीविषयी खरे तेच समाजाविषयी. लक्ष्मीबाई हयात असतानाच, २ मार्च १९३० रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. हजारो माणसांनी 'आम्हीही माणसे आहोत' हे जगाला ऐकविणे, हेही स्वतःला सापडणेच होते. त्यांना नम्रतेचा पाठ देणे हा त्यांच्या दुःखाचा उपहास ठरला असता. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांना हा इतिहास पुस्तकातून वाचावा लागत नाही. तो त्यांच्या घरात आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजाच्या चोविसाव्या परिच्छेदात हा सारा विचार मोजक्या शब्दांत मांडला आहे. त्याचा आशय असा: मनुष्य हा देवाने त्याच्याच खातर इच्छिलेला जीव आहे, आणि मनापासून केलेल्या आत्मदानावाचून तो स्वतःला पूर्णपणे सापडू शकत नाही. या दोन भागांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्याची प्रतिष्ठा, मग दान. पहिला भाग गाळून दुसरा सांगणे म्हणजे जुलूम. दुसरा गाळून पहिला सांगणे म्हणजे आजचा एकाकीपणा.

घरोघरीच्या प्रश्नाकडे

तेव्हा मुलाने किंवा मुलीने 'मला स्वतःला शोधायचे आहे' असे म्हटले तर काय करावे? प्रथम, हसू नये. तो प्रश्न खरा असू शकतो आणि तो न पडणे हीच कधी कधी चिंतेची गोष्ट असते. दाखल्यातील बापाने धाकट्याला अडविले नाही. त्याचा वाटा त्याला दिला. मात्र त्याने वाटेवरची नजर काढली नाही. म्हणूनच मुलगा दूर असतानाच तो त्याला दिसला.

दुसरे, निघणाऱ्याने एक प्रश्न स्वतःला विचारावा: माझ्या या शोधाचा खर्च कोण सोसणार आहे? टिळकांच्या प्रत्येक प्रवासाची किंमत जलालपूरच्या एका मुलीने मोजली. आजही कोणाच्या तरी मोकळिकीसाठी कोणी तरी म्हातारी आई गावी एकटी राहते, कोणी तरी बहीण लग्न लांबविते, कोणी तरी भाऊ दुहेरी पाळी करतो. त्यांची नावे आपल्या शोधाच्या हिशेबात असावीत.

तिसरे, मागे राहिलेल्यांनी आपण केवळ मागे राहिलो असे मानू नये. घरात राहूनही मनुष्य थोरल्या मुलासारखा हरवू शकतो, आणि घरात राहूनही लक्ष्मीबाईंसारखा शुद्धीवर येऊ शकतो. त्यांना त्यासाठी हिमालय गाठावा लागला नाही. समोरच्या माणसाच्या हातचे पाणी पिण्याचा निश्चय त्यांना पुरला. आपल्या प्रत्येकाच्या घराशेजारी असे एक तरी माणूस असते, ज्याच्या हातचे पाणी आपण काही ना काही कारणाने अद्याप प्यालेलो नाही. शोधाला सुरुवात तेथून करता येईल.